शेंडेनक्षत्र दिसलं ते दिवस

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

पाऊस पुन्हा सुरू. अंगणवाडीत आज अकराच मुलं. खिचडी उरली.

दुपारी शाळेतले कदम सर छत्री झटकत व्हरांड्यात आले. मला वाटलं, पटाचे आकडे हवे असतील. तर म्हणाले, "मॅडम, शेंडेनक्षत्र आलंय, धूमकेतू." पहाटे साडेपाचला पूर्वेला दिसतं म्हणे, पण चार-पाच दिवसच. मग सूर्याच्या उजेडात बुडणार आणि दसऱ्याच्या सुमारास परत वर येणार. तेव्हा संध्याकाळी, पश्चिमेला, आमच्या समुद्रावर.

"मग किती दिवस दिसेल?"

"नुसत्या डोळ्यांनी आठ-दहा दिवस. मग दुर्बीण लागेल. मग तीही पुरायची नाही."

सत्त्याण्णव सालचं तर दोन महिने होतं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मी लांज्याकडची, डोंगरातली. सासरी, नाटे गावात येऊन समुद्रच अजून नवा होता, त्यात हे. ह्यांनी अंगणात उभं करून बोट दाखवलं होतं. मला वाटलं, समुद्राकाठी हे रोजचंच असतं. मे महिन्यात नाहीसं झालं तेव्हा मी विचारलं होतं, "आज का नाही आलं?" अजून हसतात त्यावर.

हे बोटीवर. बुधवारी येतील.


मंगळवार, १ ऑक्टोबर

दिसलं!!

दोन पहाटा फुकट गेल्या होत्या. आज पाचला उठून बाहेर आले तर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं. बॅटरी घेतली, मागच्या सड्यावर, उघड्या पठारावर गेले. तेरड्यातून जाताना साडी गुडघ्यापर्यंत भिजली. वर कातळावर कोणी नाही. वारा नाही. पूर्वेला डोंगराच्या कडेवर जरा उजळ पट्टी.

आधी काहीच दिसेना. सरांनी सांगितलं होतं, एकाच जागी डोळे रोखू नका, जरा बाजूला बघा. तसं केलं आणि एकदम दिसलं. डोंगरावर चार बोटं. बारीक ठिपका आणि त्यातून वर निघालेली पांढरी रेघ. लहान होतं. एवढ्या मोठ्या आभाळात एकच गोष्ट वेगळी. बाकी सगळे ठिपके आणि ह्याला शेपूट.

दहा मिनिटं. मग उजाडलं आणि रेघ पुसत गेली. ठिपका राहिला. मग तोही.

खाली येताना पाय घसरला, कोपर खरचटलं. दिवसभर कुणालाही सांगत सुटले. मदतनीसबाई म्हणाल्या, "मॅडम, ह्या वयात एवढ्या काळोखात एकट्या सड्यावर?" सत्तेचाळीस म्हणजे काय वय झालं!


बुधवार, २ ऑक्टोबर

बोट आली. बांगडा बरा मिळाला.

जेवताना ह्यांना कालचं सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आमी पण बगितला की. मोठा होता. समुद्रातनं तर लयच भारी."

सु. भावजी समोर जेवत होते. सुरेश, ह्यांचे धाकटे भाऊ, बोटीचं इंजिन तेच बघतात. त्यांनी एकदा वर पाहिलं, पुन्हा भात कालवायला लागले. हात धुताना हळूच म्हणाले, "वयनी, दादानं कवा बगितला? आमच्यावर तीन दिवस ढगच होते." हसले. मीही हसले. बढाई मारायला पुरुषांना काहीही चालतं.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

वाईट दिवस. बोट पहाटे परत येताना खाडीच्या तोंडाशी खडकाला घासली. एक फळी फुटली, पाणी आत. भरती होती म्हणून ओढून आणता आली. सहाही जण सुखरूप.

"सुकाणूची साखळी अडकली," हे म्हणाले. तीस वर्षं ह्याच तोंडातून आत-बाहेर करतात. लोक म्हणतात, नाट्याच्या खाडीत झोपेत बोट आणणारा हाच एक तांडेल.

बोट किनाऱ्यावर घेतलीय. सुतार म्हणतो आठ दिवस. सु. भावजी घरी आलेच नाहीत.


शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

बोट किनाऱ्यावरच. तरी हार घातला, नारळ फोडला. इंजिनाला हळदकुंकू.

संध्याकाळी सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. ढग. आठ वाजता गडगडलं आणि सगळे पळाले. भात कापून पसरलेल्यांची तर तारांबळच.


सोमवार, १४ ऑक्टोबर, सकाळ

काल रात्री लिहिता आलं नाही. हात चालत नव्हता. आता चूल पेटायच्या आधी लिहून टाकते.

काल संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं. सहालाच जेटीवर निम्मं गाव. मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून बाया उभ्या. सूर्य बुडाला. मग डावीकडे शुक्र लागला. सगळे म्हणाले, हेच का? सर म्हणाले, "नाही, नाही, थांबा."

सातला पाच कमी असतील. शुक्राच्या बऱ्याच उजवीकडे, जरा खाली, आधी डोकं दिसलं. मग त्यातून शेपूट निघालं. निघालं आणि निघतच राहिलं. जसजसा काळोख व्हायला लागला तसतसं लांब, वर वर, जरा डावीकडे कलून. पाटीवर ओल्या बोटाने फराटा ओढावा तसं. पाठीमागे चंद्र होता, तरी एवढं. सर सांगत होते, शेपटी लाखो मैलांची आहे, आणि ती मागे राहिलेली नाही, सूर्याच्या उलट बाजूला उडालेली आहे. ऐकू येत होतं. समजून घ्यायला डोकं रिकामं नव्हतं.

एक म्हातारी खारवीण नुसती म्हणाली, "बायांनो, ह्या काय गो!" आणि हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते माहीत नाही.

हे माझ्या शेजारीच होते. त्या म्हातारीने विचारलं, "तांडेल, दिसला काय?"

"दिसला ना. केवढा मोठा!"

मला त्यांचं तोंड बघायचं होतं, असं काही बघताना कसं दिसतं ते. म्हणून वळले. ते समुद्राकडे बघत होते, पण भलतीकडेच. मी सहज विचारलं, अगदी सहज, "शुक्राच्या कुठल्या बाजूला दिसतंय तुम्हाला?"

"डावीकडे."

शुक्राच्या डावीकडे काहीच नव्हतं. नुसतं काळं आभाळ.

मी पुन्हा काही विचारलं नाही. लोक होते. घरी येताना त्यांचं कोपर धरलं. भर रस्त्यात त्यांनी ते कधी धरू दिलं नव्हतं. काल झटकलं नाही. तेव्हाच मला कळलं.


सोमवार, १४, संध्याकाळ

सकाळी चहाला विचारलं. आधी चिडले. कप ठेवला तो बशीच्या बाहेर. मग तो कप तसाच दोन्ही हातांनी धरून बसले.

"दोन वर्षां झाली. आदी वाटला, नंबर वाढला असंल. मग कडेचा जायला लागला. समोरचा दिसता. तुझा तोंड दिसता. काळोख पडला का मग कायच नाय. दिवे दिसतात, बाकीचा सगळा जाता."

दोन वर्षं. ह्यांनी रात्रीच्या हळदीला जाणं सोडलं, गाडी सुरेशला देऊन टाकली, माझ्या हातून बॅटरी घेऊन पुढे चालायचे ते मागून चालायला लागले. हे सगळं मी बघत होते. मी म्हणत होते, वय.

"मग बोट? रात्रीची?"

उठून परसात गेले.

दुपारी मी किनाऱ्यावर गेले. सु. भावजी फळीला डांबर लावत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तुला कळला तर." दोन वर्षं ते रात्री सुकाणूपाशी उभे राहतात. गप्पा मारल्यासारखं करून हळूच सांगतात, दादा, जरा उजवीकडे. दादा, समोर जाळं हाय. बाकी चौघांना पत्ता नाही. आठ तारखेला पहाटे इंजिन तापलं म्हणून ते खाली गेले. "दोन मिन्टां गेलो, वयनी. दोनच."

"तुम्ही का नाही घेतलं सुकाणू?"

"त्याच्या हातातनं? माजा हात धरून त्यानं मना शिकवलान." आणि डांबराचा ब्रश तसाच धरून रडले. पंचेचाळिशीचा माणूस.

बोट गुरुवारी पाण्यात जाणार.

त्या चौघांची घरं मला माहीत आहेत. तिघांची मुलं माझ्याच अंगणवाडीत वाढली. त्यांतल्या गोपाळची धाकटी अजून येते, माझ्या पदराला धरून फिरते.

प्राचीला फोन केला. लेक आमची रत्नागिरीला मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, शुक्रवारी डोळ्यांच्या बाईंची वेळ घेते. बाबांना कसंही करून आण."

ह्यांना सांगितलं: डॉक्टरकडे चला आणि त्या चौघांना तुम्ही स्वतः सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर गुरुवारच्या आत मी सांगेन.

"सगळ्या गावात माजी लाज काढतंस?"

"हो."

अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. जेवले नाहीत. मीही नाही.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी हे चहा न घेताच बाहेर पडले.

अंगणवाडी सुटल्यावर सरांकडे गेले. शाळेच्या कपाटात एक दुर्बीण आहे, दोन्ही डोळ्यांना लावायची, त्यातली एक काच सैल. मागितली. सरांनी कशाला ते विचारलं नाही.

घरी येऊन म्हटलं, "मी सड्यावर जातेय, शेंडेनक्षत्र बघायला. कातळावर शेवाळ आहे. मागे पडले होते." एवढंच म्हटलं. चपला घालून माझ्या आधी दारात उभे. एकटी जाऊ देणार नाहीत हे मला माहीत होतं. स्वतःला दिसत नाही, पण मला सांभाळायला निघाले.

वर चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढी भिंत. त्यावर माझी शाल घडी करून ठेवली, तिच्यावर दुर्बीण. सूर्य गेला. चंद्र भरत आलेला, त्यामुळे रविवारपेक्षा जरा फिकं. पण होतं. आता आणखी वर आलं होतं. बराच वेळ खटपट करून दुर्बिणीत धरलं. मग ह्यांना बोलावलं.

"नाय दिसत."

पुन्हा धरलं. "नाय." चष्मा काढला. "नाय गो, सोड." मी पुन्हा धरलं. ह्या वेळी शालीत दाबून धरलं.

डोळा लावला. आणि श्वास थांबला त्यांचा. ऐकू आलं मला.

"हां."

खाली गावात कुठेतरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग म्हणाले, "डोका खाली हाय. शेपूट वर. सरळ नाय. डावीकडे कलला हाय."

अगदी बरोबर.

मी शालीची घडी सरळ केली.

थोड्या वेळाने म्हणाले, "गेला." मी घाबरले. पण तसं काही नव्हतं. आभाळ फिरतं, दुर्बीण जागेवर, त्यामुळे ते काचेच्या बाहेर सरकलं होतं. मी दुर्बीण केसभर खाली केली. "आला." पुन्हा दोन-तीन मिनिटांनी, "गेला." पुन्हा सरकवली. "आला." असं कितीतरी वेळ. एवढं मोठं आभाळ फिरतंय आणि मी ते शालीवर हाताने सरकवतेय असं वाटत होतं. आयुष्यात एवढं शांत कधी वाटलं नसेल.

"हा तोच काय गो? आपण अंगणातनं बगितलेला?"

"नाही. हा दुसरा."

"मग तो खय असंल?"

"असेल. सर म्हणतात ते असतात. लांब गेले की आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

"आणि हा परत कवा?"

"हजारो वर्षांनी. नाहीतर कधीच नाही. कोणी सांगू शकत नाही म्हणे."

पुन्हा डोळा लावला. "मग बगून घेऊ," म्हणाले.

ते क्षितिजाच्या धुरकटीत उतरेपर्यंत बघितलं. उतरताना बॅटरी माझ्या हातात, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. निम्म्या वाटेत म्हणाले, "उद्या सांगतंय त्यांना."


बुधवार, १६ ऑक्टोबर. कोजागिरी

सांगितलं. किनाऱ्यावर, बोटीच्या सावलीत, सगळ्यांना बसवून. मी लांब माडाखाली उभी होते. पाठच दिसत होती. फार वेळ लागला नाही.

दोघे वाळूकडे बघत राहिले. एकाने ह्यांच्या पायाला हात लावला. गोपाळ मात्र उठून उभा राहिला. ते मला तिथपर्यंत ऐकू आलं: "तांडेल, माज्या घरी दोन पोरां हायत. दोन वर्षां तुमी मना काळोखातनं फिरवलात? आणि सुरेश, तू?" चालता झाला. उद्या बोट सुटेल तेव्हा येणार नाही म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हेही म्हणाले नाहीत.

सुकाणू सुरेशकडे. हे स्वतः म्हणाले, सर्वांसमोर.

घरी येऊन आंघोळ केली आणि झोपले, दुपारी चार वाजता. संध्याकाळी दूध आटवलं. उठवलं नाही. चंद्र एवढा की शेंडेनक्षत्र शोधावं लागलं. तिघी शेजारणींना दाखवलं.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर. रत्नागिरी

पहिल्या एसटीने. पावस गावापर्यंत हे झोपल्यासारखे डोळे मिटून. झोपले नव्हते.

डॉक्टरबाई तरुण, प्राचीच्याच वयाच्या. काचबिंदू. मला काचबिंदू आणि मोतीबिंदू एकच वाटायचे. नाहीत. मोतीबिंदू काढता येतो.

एका मशीनपाशी बसवलं. आत पांढरी अर्धी वाटी, हनुवटी टेकायची, समोर बघत राहायचं. कडेकडेने बारीक उजेडाचे ठिपके लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला कोपऱ्यात बसू दिलं. मला कळत होतं की ठिपके चालू आहेत. हे बटण दाबत नव्हते. मधूनच एकदा टक्. मग पुन्हा कितीतरी वेळ नाही. हे ताठ बसलेले, परीक्षेला बसल्यासारखे.

मग कागद दाखवला. उजव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा. डाव्याच्या मध्ये पांढरं, रुपयाच्या नाण्याएवढं. तेवढ्यातून दिसतं. माझं तोंड, ताटली. मंगळवारचं आभाळ.

बाई म्हणाल्या, "काका, गेलंय ते परत येणार नाही. आहे ते राखायचं. थेंब रोज, न चुकता. महिन्याने पुन्हा डोळ्याचा दाब बघू, मग ऑपरेशनचं ठरवू."

हे म्हणाले, "किती दिवस राहील?"

"थेंब वेळेवर घातलेत तर खूप वर्षं राहू शकेल. खात्री देता येणार नाही."

आणि एक सांगितलं. हे घराण्यात असतं. सख्ख्या भावाने लवकर तपासून घ्यावं.

प्राची जिन्यात रडली. हे म्हणाले, "रडू नको गो. भूक लागली माका. चल, मासे खाऊया." आणि खाल्ले, व्यवस्थित, काटे काढून. मीच ताटात बघत बसले.


सोमवार, २१ ऑक्टोबर

बोट ह्यांच्याशिवाय गेली. गुरुवारी सुटायची ती डॉक्टरकडे जायचं म्हणून सु. भावजींनी थांबवली होती. गोपाळ आला. ह्यांच्याकडे न बघता चढला. पण आला.

हे जेटीवर. दोरी ह्यांनीच सोडली. तोंडाशी पोचेपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. "बरोबर काढलान," म्हणाले. आवाजावरून.

सु. भावजींना तपासणीचं सांगितलं होतं. "दिवाळी होऊ दे वयनी, मग बगू." मना काय धाड भरलीय, असं वर.

थेंब: सकाळ ७, रात्र ९. खुणा कॅलेंडरवर.


गुरुवार, २४ ऑक्टोबर

आज वेगळंच काही झालं. नीट लिहून ठेवते.

दुपारी हे म्हणाले, "तुझी ती वही आण. लिहून घे." मला वाटलं, औषधांचं काहीतरी.

पलंगावर पाठ टेकून डोळे मिटले आणि सांगायला लागले. बाहेर पडताना गडाचा पडका बुरूज पाठीवर ठेवायचा. तो देवळामागच्या मोठ्या वडावर आला की तिथून डावीकडे वळायचं, आधी नाही. पाण्याखाली तीन खडक आहेत, ओहोटीला मधल्याचंच तोंड दिसतं. दुसऱ्याच्या बाहेरच्या अंगाला खोल घळ, तिथे पावसाळ्यानंतर सुरमई. पाणी हिरवट असेल तर थांबायचं, तांबूस असेल तर पुढे. वारा उत्तरेचा झाला की...

मी लिहितेय, हे सांगताहेत. थांबत नाहीत, आठवायला वेळ लागत नाही. एकदा म्हटलं, "आता सगळ्यांकडे मशीन असतं ना, नकाशाचं?" म्हणाले, "मशीन तुला खडक दाखवंल. त्याच्या बाजूला पाणी कसा वळता ता नाय दाखवणार."

नऊ पानं झाली. माझा हात दुखायला लागला, ह्यांचा समुद्र संपेना. पाण्याखालचे डोंगर, घळी, वाळूच्या पट्ट्या, कुठे कुणाची होडी बुडालीय, कुठे जाळं फाटतं. अठ्ठावीस वर्षं ह्या माणसाला जेवायला वाढतेय आणि ह्याच्या आत एवढं सगळं आहे ते मला माहीत नव्हतं. त्या रविवारी जेटीवर जसं झालं होतं, तसंच वाटलं. लांबच लांब, आणि अजून निघतंच आहे.

शेवटी डोळे उघडून म्हणाले, "काय बगतंस?"

"काही नाही. सांगा पुढे."

सु. भावजींना ही वही देणार. आधी नक्कल करून घेते.


रविवार, २७ ऑक्टोबर

सड्यावर. नुसत्या डोळ्यांनी आता नाही. सर आठ-दहा दिवस म्हणाले होते, दोन आठवडे पुरले. दुर्बिणीतून मला धुक्याचा ठिपका दिसला, शेपूट नावाला. ह्यांना काही नाही. तीनदा बघितलं, मग दुर्बीण माझ्याकडे दिली. "तू बग आणि सांग."

सांगितलं. आहे, पुसट आहे, वर सरकलंय, शुक्रापासून लांब गेलंय. अजून डोकं कळतंय.

उद्या दुर्बीण परत करायची. सर म्हणतात राहू द्या, पण शाळेची वस्तू.


शनिवार, २ नोव्हेंबर. पाडवा

औक्षण केलं. दिवा डोळ्यांसमोर फिरवताना ह्यांची नजर दिव्याबरोबर फिरली. बराच वेळ ओवाळलं.

प्राची आलीय. मला एकटीला गाठून म्हणाली, "आई, सुरेशकाकांचं काय? तुम्ही दोघं काही बोलत नाही आहात."

खरं आहे. गेल्या फेरीला बोट अंधारातच आत आली. मी जेटीवर होते. दोनदा उगाचच वळली आणि मग सरळ झाली. सु. भावजी म्हणाले, नवीन हात आहे. असेलही. गोपाळ माझ्याकडे बघत होता.

रात्री ह्यांना सांगितलं. त्यांना मी सांगायची गरज नव्हती. म्हणाले, "मी पण ऐकला. दोनदा."


रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज

जेवण झाल्यावर हे सु. भावजींना म्हणाले, "मंगळवारी रत्नागिरीला जायचा. तू, मी आणि वयनी."

"दादा, बोट..."

"बोट बांदून ठेव. मी दोन वर्षां गप ऱ्हायलो. तू नाय ऱ्हायचा."

सु. भावजी हो म्हणाले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत. दोघे भाऊ पडवीत शेजारी शेजारी बसून राहिले.


मंगळवार, ५ नोव्हेंबर. रत्नागिरी

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

सु. भावजी आत आहेत, त्या मशीनपाशी. ह्या वेळी मला आत सोडलं नाही. दार पूर्ण लागत नाही, फटीतून बाईंचा आवाज येतो, समोर बघा, समोर. आणि बटणाचा आवाज.

हे माझ्या शेजारी, मान खाली, हात गुडघ्यांवर. ऐकताहेत. टक्. टक्. प्रत्येक आवाजाला ह्यांचं एक बोट गुडघ्यावर हलतं. त्यांना ते कळत नसावं.

डावा डोळा झाला. आता उजवा. टक्. टक्.

आता मध्येच थांबलंय. ह्यांनी माझा हात धरला.

टक्.

पुन्हा थांबलंय.